दोन आखूड, एक लांब

"मावशी, तुम्हाला वाफेच्या इंजिनांची आठवण येते का हो?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. मोबाइल त्यांनी मावशीच्या तोंडापुढे धरला होता. स्टेशनावरच्या जुन्या माणसांच्या आठवणी त्यांना गोळा करायच्या होत्या.

"येते की," मावशी म्हणाली. "खोकला आला की येते."

अध्यक्ष हसले. ते दातांचे डॉक्टर. हसतानाही समोरच्याच्या तोंडात बघायची सवय. "तसं नाही हो. तो धूर, ती शिट्टी, ती लगबग... काहीतरी मनातलं सांगा."

"मनातलं सांगू? मेला तो धूर. आणि मेला तो परत आणणारा."

ही आठवण त्यांच्या संग्रहात आली नाही.

मावशीला सगळं स्टेशन चादरवाली म्हणायचं. स्टेशनात पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी चार विश्रांतिखोल्या होत्या. त्यांतल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टेबलांवरची कापडं धुऊन द्यायचं काम तिच्या सासरकडे होतं. स्टेशनाला लागून नोकरांच्या खोल्यांची ओळ होती, त्यातली अकरावी, शेवटची खोली त्यांची. खोलीमागे मोकळी जागा, जागेत लाकडी खांब, खांबांना तारा, आणि तारांपलीकडे वीस पावलांवर रूळ. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन या खोलीत आली. नवरा सिग्नलचे दिवे पुसायचा, त्यांत तेल भरायचा, शिडीवर चढून लावायचा. घरात मात्र त्याने कधी काही उजेड पाडला नाही. सगळा कारभार सासूबाईंचा.

सासूबाईंच्या डाव्या करंगळीचं पुढचं पेर नव्हतं. त्या घरात कपडे पिळायचं जुनं यंत्र होतं, दोन जाड लाकडी लाटणी एकावर एक ठेवावीत तसं. दांडा फिरवला की मधून चादर सपाट होऊन निघायची. एकदा चादरीबरोबर करंगळी गेली. तेव्हापासून सासूबाईंचा अख्खा डावा हात कामातून गेला. म्हणजे फक्त कामातून. पत्ते वाटायला तो हात चालायचा, सुनेच्या पाठीत धपाटा घालायलाही चालायचा. ओली चादर पिळायची म्हटली की मात्र करंगळीतून कळ निघून थेट डोक्यात जायची. "तूच पीळ गं बाई. माझा हा हात असा." बावीस वर्षं मावशीने हे वाक्य ऐकलं आणि पिळलं.

खोल्यांच्या ओळीतल्या बायका कधी पांढरं नेसायच्या नाहीत. तपकिरी, जांभळं, गडद निळं, असले रंग. दांडीवर अंगावरचे कपडेही काळपटच. तिथे पांढऱ्या होत्या त्या फक्त चादरी, आणि त्या परक्यांच्या.

इंजिन स्टेशनात पाणी प्यायला थांबायचं. पाणी पिऊन झालं की निघण्याआधी ते आपल्या नळ्यांत साठलेली काजळी वाफेच्या जोरावर बाहेर फेकायचं. त्याला तिथे काजळी झाडणं म्हणत. वारा वर्षातले दहा महिने गावाकडून रुळांकडे वाहायचा, म्हणून चादरींची जागा गावाच्या बाजूला होती. एरवीचा धूर पलीकडे जायचा. पण झाडलेली काजळी उंच उडून चहूकडे सांडायची. इकडे मूठभर, पलीकडे टोपलीभर. मूठभरसुद्धा चाळीस चादरींची माती करायला पुरायची.

त्यावर बायकांनी आणि ड्रायव्हर लोकांनी एक तोड काढली होती. काजळी झाडायच्या आधी ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, दोन आखूड, एक लांब. मग तीनशे आकडे मोजायचे आणि झाडायचं. तेवढ्यात बायकांनी तारा रिकाम्या करायच्या. बदल्यात ड्रायव्हर आणि कोळसेवाल्याचे डोक्याचे रुमाल चादरवाल्यांच्या घरी फुकट धुऊन मिळायचे. कुठल्या नियमपुस्तकात हे नव्हतं, पण नियमपुस्तकातलं जेवढं पाळलं जायचं त्यापेक्षा हे जास्त पाळलं जायचं.

नव्या सुनेला हे कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरचा चौथा दिवस. ती चाळिसावी चादर तारेवर टाकत होती. इंजिनातून एक पोरगेलासा ड्रायव्हर बाहेर वाकला, थेट तिच्याकडे बघितलं आणि शिट्टी दिली. दोन आखूड, एक लांब. तिचे कान तापले. बाकीच्या बायका पळत सुटल्या, ती मात्र कमरेवर हात ठेवून ड्रायव्हरकडे डोळे वटारून उभी राहिली. त्याने पुन्हा शिट्टी दिली. हिने त्याला मूठ दाखवली. मग काळं आभाळ उडालं आणि चाळीस चादरींवर पसरलं.

"शिट्टी ऐकली नाहीस?" सासूबाई ओरडल्या.

"ऐकली. मला वाटलं, मेला मलाच शिट्टी मारतोय."

"रूपाची खाणच लागून गेलीस! तुझ्यासाठी पन्नास टनांचं इंजिन आणलंय त्याने!"

त्या दिवशी ती चाळीस चादरी पुन्हा धुवायला बसली आणि एक गोष्ट कायमची शिकली. काजळी पडली की पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही. कोरडंच झटकायचं, वर मीठ पसरायचं, मऊ ब्रशने झाडायचं, आणि मग पाणी. ओला हात लागला की काजळी कापडात घर करते.

ती तिशीची झाली तेव्हा वाफेची इंजिनं गेली. शेवटच्या इंजिनाला निरोप द्यायला गर्दी जमली. स्टेशनमास्तरांनी डोळे पुसले. ड्रायव्हरनेही पुसले, पण तो नेहमीच पुसायचा. त्याच्या डोळ्यांत सतरा वर्षांचा कोळसा होता. इंजिन वळणाआड गेलं, तशी मावशी मागच्या जागेत गेली, सगळ्या तारा ओल्या फडक्याने पुसल्या आणि स्वतःसाठी घेतलेलं पांढरं पातळ पहिल्यांदा वाळत टाकलं. संध्याकाळी ते काढून नाकाशी धरलं. त्याला नुसता उन्हाचा वास होता. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस, लग्नाच्या दिवसाला यात धरलेलंच नाही.

पुढे विश्रांतिखोल्या बंद पडल्या. सासूबाई गेल्या, शेवटच्या आठवड्यातही "माझा हा हात असा" म्हणत. दिवेवाला नवरा गेला. मग लाइनच बंद झाली. स्टेशनात कबुतरं राहायला आली, कोणीतरी तिकिटघराची खिडकी चौकटीसकट उचकटून नेली. ओळीतल्या दहा खोल्या रिकाम्या झाल्या. मावशीला गावातल्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम मिळालं, रोज तीस-पस्तीस चादरी. त्यावर तिने मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं. त्या पंधरा वर्षांत स्टेशनाच्या वारशासाठी कोणाचं काळीज तुटलं नाही. तुटलं असेल तर ते लोक काळीज घरी ठेवून दुसरीकडे फिरायला जात असावेत.

मग समिती आली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, बाकीचे त्यांचेच पेशंट. लहानपणी खेळातली आगगाडी न मिळालेली माणसं म्हातारपणी खरी मागतात. त्यांनी कबुतरं हाकलली आणि स्टेशनाला पिवळा रंग दिला. "हा मूळ रंग आहे," असं पाटीवर लिहिलं. मूळ रंग धुराचा होता, पण तो डब्यात मिळत नाही. बायकांच्या वेटिंग रूममध्ये दुकान काढलं आणि तिथे काचेच्या बरणीत कोळशाचा एकेक खडा ठेवून विकायला लागले. मावशीने आपल्या सुनेला विचारलं, "घेतं कोण हे?"

"लोक रांगा लावतात, आई."

"माझ्या छातीत दोन बरण्या निघतील. विचार डॉक्टरांना, पाहिजेत का."

सून समितीच्या नोकरीत होती. पाहुण्यांना स्टेशन दाखवायचं आणि पाठ केलेलं बोलायचं. "या फलाटाने किती आसवं पाहिली, किती पुनर्भेटी पाहिल्या..." मावशीच्या मते फलाटाने मुख्यतः थुंकी पाहिली होती. पण सुनेचा पगार घरात यायचा, म्हणून ती हे घरात बोलायची, फलाटावर नाही.

खरी भानगड एका फोटोने केली. अध्यक्षांना कुठल्याशा जुन्या कपाटात फोटोची मूळ काच सापडली, जिच्यावरून पूर्वी कागदावर फोटो काढायचे ती. उभं इंजिन, त्याचा नंबर वाफेत बुडालेला, त्याच्या एका अंगाला पाण्याची टाकी, चादरींची रांग आणि चादर धरून उभी असलेली एक बाई. अध्यक्ष वेडे झाले. इतिहास सापडला! फोटोत टाकी आणि चादरी इंजिनाच्या ज्या बाजूला दिसत होत्या त्या हिशोबाने ती जागा रुळांच्या पलीकडे येत होती. त्यांनी पलीकडे नवी टाकी बांधली, जुनी दिसावी म्हणून तिला मुद्दाम गंज आणला.

मावशी तेव्हाच सांगायला गेली होती. "डॉक्टर, टाकी इकडे होती. माझ्या दाराशी. मी अकरा वर्षं तिचं गळणारं पाणी वापरलंय."

"फोटोत पलीकडे आहे, मावशी. फोटो खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

"तसं कसं म्हणेन? वय झालं की होतं असं. माझी आईसुद्धा कवळी तोंडात असताना घरभर शोधायची."

मावशी घरी आली. आणि दोन महिन्यांनी समितीची चिठ्ठी आली. वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन येतंय, उद्घाटन ठरलंय, पुढे दर रविवारी फेरी होईल. गाड्या लावायला जागा हवी, तेव्हा खोल्यांमागची मोकळी जागा महिन्याभरात रिकामी करावी. कारण फोटोनुसार त्या जागेला ऐतिहासिक महत्त्व नाही. चादरी वाळवण्याची परंपरा मात्र समितीला जपायची आहे. मावशींनी आपल्या चादरी पलीकडच्या मूळ जागेत वाळत घालाव्यात, पाहुण्यांना ते बघायला आवडेल.

"टोपलीभर काजळीखाली दवाखान्याच्या चादरी," मावशी सुनेला म्हणाली. "वर ओली बाळंतीण झोपवायची. एका आठवड्यात काम जाईल."

"तुमच्याकडे जागेचा काही कागद आहे का, आई?"

"मी आल्यापासूनच सत्तेचाळीस वर्षं तिथे कपडे वाळतायत. तारांना कोण कागद देतं?"

सुनेने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. ती नोकरी करत होती ती जागा घेणाऱ्यांकडे, आणि राहत होती ती जागा जाणारीकडे. तिने भाकरी कुठल्या बाजूने भाजायची?

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी तो फोटो भिंतीएवढा करून दुकानात लावला. सून म्हणाली, "आई, बघायला तरी चला. फोटोतल्या बाई आपल्या आजेसासूबाई आहेत म्हणतात." मावशी गेली. नाखुशीने, चपला पायांत अर्ध्याच सरकवून. भिंतीवर सासूबाई आठ फूट उंच उभ्या होत्या, तोंडावर तोच भाव, की चादर मी धरलीय म्हणजे उपकार केलेत.

मावशी जवळ गेली. चादर धरलेले दोन्ही हात बघितले. बराच वेळ बघितले. मग दुकानातल्या आरशासमोर जाऊन आपला डावा हात वर केला, आरशातल्या बाईने उजवा केला, आणि ती हसायला लागली.

"काय झालं?"

"करंगळी बघ. उजव्या हाताची तुटलीय."

"मग?"

"मग काय! डावी होती. बावीस वर्षं डावी होती. तुझ्या डॉक्टरांनी काच उलटी धरून फोटो काढलाय. सगळंच उलटं झालंय. टाकी इकडची तिकडे, चादरी इकडच्या तिकडे."

सुनेचा चेहरा उतरला. "अहो, मग सांगा ना त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"टाकीचं सांगितलं होतं. वय झालंय म्हणाले. आता भरू दे त्यांचं माप."

"माझी नोकरी जाईल आई."

"तू कशाला बोलतेस? तू आसवं आणि पुनर्भेटीच सांग."

उद्घाटनाच्या निमंत्रणात लिहिलं होतं की पाहुण्यांनी जुन्या काळाला शोभेलसे पांढरे कपडे घालून यावे. जुन्या फोटोंत सगळं फिकट दिसतं, म्हणून त्यांना वाटलं असावं की लोक पांढरे कपडे घालून कोळशाच्या इंजिनाजवळ वावरायचे. दीडशे माणसं आली. हॅटा, हातमोजे, पांढऱ्या छत्र्या. रुळांच्या पलीकडे, नव्या गंजक्या टाकीखाली, वाऱ्याच्या तोंडावर त्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मागे शोभेला पांढऱ्या चादरी. मावशीने आपल्या चादरी दिल्या नव्हत्या, म्हणून बाजारातून नव्या आणल्या होत्या. त्यांच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.

इंजिनावर जुना ड्रायव्हर होता, तोच, मावशीला शिट्टी मारलेला. आता बाहत्तरचा. चालवणारा माणूस दुसरा होता. या म्हाताऱ्याला नवी टोपी घालून दारात उभं केलं होतं, हात हलवायला. सकाळपासून अध्यक्षांचं एकच चालू होतं, "धूर दिसला पाहिजे! काळा! फोटोत आला पाहिजे!"

"काळा धूर म्हणजे भट्टीवाला अडाणी," ड्रायव्हर म्हणाला होता.

"आजोबा, तुम्ही फक्त हात हलवा."

मग दुपारपर्यंत नवशिक्या पोरांनी भट्टीत कोळसा कोंबला. नळ्या काजळीने बुजल्या. निघायची वेळ झाली तरी वाफ चढेना, तेव्हा चालवणाऱ्याने काजळी झाडायचा दांडा हातात घेतला. ड्रायव्हरने ते बघितलं, बाहेर बसलेली दीडशे पांढरी माणसं बघितली, आणि सवयीने त्याचा हात शिट्टीच्या दोरीकडे गेला.

दोन आखूड, एक लांब.

मावशी आपल्या जागेत होती. महिना संपायला चार दिवस होते, आणि तारांवर दवाखान्याच्या चौतीस चादरी होत्या. तिने तोंडातला चिमटा थुंकला आणि चादरी ओढायला लागली. तिचा मुलगा धावला. पलीकडे पाहुण्यांपुढे उभी असलेली सून, तीही पाठ केलेलं वाक्य अर्धं टाकून, पांढरी छत्री फेकून, रूळ ओलांडून पळत आली.

"तुला कोणी सांगितलं शिट्टीचं?" मावशीने ओढता ओढता विचारलं.

"तुम्हीच! लग्नाला सहा वर्षं झाली, सहाशे वेळा सांगितलंत!"

पलीकडे पाहुणे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, ही सलामी. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने पुन्हा शिट्टी दिली, पुन्हा टाळ्या. तो टोपी काढून हातवारे करायला लागला, "उठा, पळा," तर सगळ्यांनी हॅटा काढून त्याला परत हात केले. मोबाइल वर गेले, तोंडं वर गेली. ड्रायव्हर ओरडत होता ते चालवणाऱ्याला, "तीनशे मोज रे!" पण त्याला कोणी हे शिकवलं नव्हतं. त्याने दांडा ओढला.

टोपलीभर म्हटलं होतं. त्या दिवशी गाडाभर होती.

इकडे मूठभर आली, तोवर तारा रिकाम्या होत्या. पलीकडे हॅटा, हातमोजे, छत्र्या, सगळं काळं झालं. मग हुशार माणसं करतात ते सगळ्यांनी केलं: रुमाल ओले केले आणि चोळायला लागले. सून दाराशी आली. "आई, चोळतायत ते. सांगू का?"

मावशीने चादरी मोजून घडवंचीवर ठेवल्या. "सांग. मीठ म्हणावं. पण ऐकणार नाहीत, त्यांनी फोटोत पाहिलेलं नाही."

सून सांगून आली. ऐकलं नाही कोणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष घरी आले. कानाच्या पाळीमागे अजून काळं होतं. बसायला दिलेल्या स्टुलावर ते बसले आणि म्हणाले, "मावशी, लोक फार चिडलेत. हे असं कसं झालं? जुन्या काळीही तिथेच चादरी असायच्या ना?"

"नव्हत्या. इकडे होत्या."

"पण फोटो..."

"चला," मावशी म्हणाली. यावेळी चपला तिने नीट घातल्या. दुकानात भिंतीसमोर त्यांना उभं करून तिने करंगळी दाखवली आणि सासूबाईंची सगळी कहाणी सांगितली, धपाट्यांसकट. "खोटं वाटत असेल तर काच आणा आणि दुसऱ्या बाजूने बघा."

अध्यक्षांनी काच आणली. बघितली. मग टाकी बघितली, तिच्यावरची पितळी पाटी बघितली, टेबलावर रचलेल्या पुस्तकांचे गठ्ठे बघितले. प्रत्येक मुखपृष्ठावर सासूबाई उलट्या. दात काढण्याआधी पेशंटचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला आणि सुनेला. वय झालंय, मी विसरूनही जाईन."

अध्यक्षांना समजायला वेळ लागला नाही. इतिहासाबद्दल त्यांची समज कमी होती, पण अब्रूबद्दल चांगली होती. तिथेच, कोळशाच्या बरण्या बाजूला सारून, त्यांनी समितीच्या कागदावर लिहिलं की खोल्यांमागची जागा चादरी वाळवण्यासाठी मावशीच्या घराकडे कायम राहील.

"आणि काजळी झाडायच्या आधी शिट्टी," मावशी म्हणाली. "दर रविवारी. तीनशे मोजून. तेही लिहा."

"लिहितो. पण पाहुणे तर पलीकडेच बसणार. टाकी तिकडे आहे."

"मग त्यांना पत्रे घाला डोक्यावर."

"फोटोत पत्रे नाहीत हो," अध्यक्ष कळवळून म्हणाले.

पत्रे बसले. पाटीवर लिहिलं, 'मूळ रचनेनुसार.' रविवारी दोन आखूड, एक लांब होते आणि पत्र्याखालचे लोक टाळ्या वाजवतात. सुनेची नोकरी राहिली. भिंतीजवळ आली की ती आसवांकडून पुनर्भेटींकडे जरा घाईने जाते.

मावशी आठवड्यातून एकदा दुकानाच्या टेबलावरची कापडं पोचवायला जाते. तेव्हा भिंतीसमोर थांबते. लोकांना वाटतं, म्हातारी सासूला नमस्कार करते. ती त्या आठ फुटी बाईचा धडधाकट डावा हात, पाचही बोटं, नीट न्याहाळते आणि पुटपुटते,

"सासूबाई, आता काय सबब सांगाल? घ्या, पिळा."